वजनकाटा नेमकं काय मोजतो

परभणीला घरी नवा डिजिटल वजनकाटा आणला अन् पहिल्याच दिवशी मायचं वजन जाड सतरंजीवर ५४ अन् शहाबादी फरशीवर ५६ दाखवलं, माय म्हणली काटा खराब आहे बाबा, बदलून आण. काटा चांगलाच होता. मी उलटा करून दाखवला तिला, चार कोपऱ्यांत चार पाय, प्रत्येक पायात स्टीलची छोटी पट्टी अन् तिला चिकटवलेलं स्ट्रेन गेज, म्हणजे बारीक तारेची नागमोडी जाळी. आपण उभं राहिलो की पट्टी डोळ्याला दिसणार नाही इतकी वाकते, तार ताणली की तिचा विजेला होणारा विरोध जरासा बदलतो, अन् आतली चिप चारही पायांचा हिशोब करून आकडा देते. सतरंजीत पाय रुतले की काट्याचं पोट खाली टेकतं, थोडा भार तिथूनच जमिनीत जातो, म्हणून आकडा कमी.

मला सगळ्यात भारी वाटतं ते हे, की काटा आपल्याला किती जोरानं वर रेटतोय तेवढंच त्याला कळतं. ५६ किलोला साधारण ५५० न्यूटन, न्यूटन म्हणजे जोर मोजायचं एकक. दवाखान्यातल्या जुन्या सुईवाल्या काट्यावर उभं राहून पटकन खाली बसून बघा, सुई आधी खाली पडते अन् थांबताना वर उसळते, वजन तर तेवढंच असतं ना!

माय आता स्वतःच काटा फरशीवर ठेवते, अन् आकडा थांबेपर्यंत हलू देत नाही कुणाला.