लाथ डिमॅजिओची, नाव जिओनफ्रिडोचं

पेपरात कुणाच्या निधनाची बातमी आली की नावानंतर पहिलं काय लिहिलंय ते बघायची मला जुनी खोड आहे. पुढाऱ्यांचं सोपं असतं, पदं मोजत जायची. नटांचंही तसंच. पण फारसा कुणाला माहीत नसलेला खेळाडू गेला की लिहिणाऱ्याची पंचाईत होते, आणि मला त्यातच गंमत वाटते. मी न्यू जर्सीत होतो तेव्हा, मार्च २००३ मध्ये, अल जिओनफ्रिडो नावाचे एक जुने बेसबॉलपटू वयाच्या ८१ व्या वर्षी कॅलिफोर्नियात गोल्फ खेळता खेळता गेले. मी जिथे जिथे वाचलं तिथे पहिली गोष्ट एकच, कॅच. १९४७ चा कॅच. बाकी आयुष्य खालच्या परिच्छेदांत दाटीवाटीने बसलेलं.

आकडे बघितले तर माणूस अगदीच साधा. १९४४ ते ४७, चार सीझन, २२८ मॅचेस, .२६६ अ‍ॅव्हरेज (म्हणजे शंभरात साधारण सत्तावीस वेळा हिट, बेसवर पोचवणारा फटका), होम रन, म्हणजे बॉल थेट कठड्यापार, फक्त दोन. उंची साडेपाच फूट. १९४७ च्या मे महिन्यात पिट्सबर्गने त्याला ब्रुकलिन डॉजर्सला दिलं तो सौदा पण भारी होता, ब्रुकलिनने पाच खेळाडू दिले आणि बदल्यात हा एकटा आणि वर एक लाख डॉलर रोख. त्यावर जोक असा की पैशाची बॅग उचलून आणायला कोणीतरी हवं होतं म्हणून याला घेतला. डॉजर्सचं ते वर्ष म्हणजे जॅकी रॉबिन्सनचं (विसाव्या शतकात मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमध्ये, खेळलेला पहिला काळा खेळाडू) पहिलं वर्ष, सगळ्या देशाचे डोळे तिकडे, त्यात बाकावरच्या या बुटक्याकडे कोण बघतंय.

तर ५ ऑक्टोबर १९४७, यँकी स्टेडियम, वर्ल्ड सिरीजची, म्हणजे आधी चार मॅच जिंकेल त्याच्या फायनलची, सहावी मॅच. न्यूयॉर्कचीच दुसरी टीम यँकीज सिरीजमध्ये ३-२ ने पुढे, म्हणजे डॉजर्स हरले की खेळ खल्लास. ७४ हजारांवर पब्लिक. डॉजर्स ८-५ ने पुढे होते, सहाव्या इनिंगमध्ये यँकीजचे दोन आउट (तिसरा झाला की पाळी संपते), दोन जण बेसवर, म्हणजे रनच्या अर्ध्या वाटेत, आणि बॅटिंगला जो डिमॅजिओ (आपल्याकडे बहुतेकांना तो मेरिलिन मन्रोचा नवरा म्हणूनच माहीत असतो, बिचारा). होम रन गेला असता तर बेसवरचे दोघे आणि तो स्वतः असे तीन रन, म्हणजे ८-८. जिओनफ्रिडोला त्याच इनिंगला लेफ्ट फील्डला आणून उभं केलं होतं, फील्डिंगपुरतं. डिमॅजिओने टोला हाणला आणि बॉल निघाला तो थेट बुलपेनच्या (बदली पिचर, म्हणजे बॉल टाकणारे, हात गरम करतात ती जागा) कठड्याकडे, जिथे ४१५ फूट असा आकडा रंगवलेला होता. हा पठ्ठ्या पाठ फिरवून पळत सुटला, मध्येच मान वळवून बघतोय, परत पळतोय, डोक्यावरची कॅप उडाली, आणि अगदी कठड्यापाशी हात लांब करून बॉल ग्लोव्हमध्ये. रेडिओवर कॉमेंटेटर रेड बार्बर नुसता बॅक, बॅक, बॅक करत राहिला आणि शेवटी "ओह डॉक्टर!"

आपल्या क्रिकेटवाल्यांचा यावरचा शेरा ठरलेला असतो, एवढं मोठं हातमोजं घालून कॅच घेतात त्यात कसलं कौतुक. असू दे. त्या कॅचची जुनी काळी-पांढरी फिल्म आहे, ती बघताना माझं लक्ष दर वेळी कॅचपेक्षा पुढच्या दोन सेकंदांकडे जातं. डिमॅजिओ तोवर सेकंड बेसजवळ पोचलेला असतो, त्याला कळतं की बॉल पकडला गेलाय, आणि तो मातीला एक लाथ मारतो. बास, एवढंच. पण हा माणूस मैदानावर चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू न देण्याबद्दल प्रसिद्ध, १९४१ मध्ये सलग ५६ मॅचेसमध्ये हिट मारून झाल्या तरी ढिम्म. त्याने माती उडवली म्हणजे आक्रीतच. मला तर वाटतं की त्या दिवशी डिमॅजिओ नेहमीसारखा मुकाट मागे फिरला असता तर कॅच तेवढाच अवघड राहिला असता पण चार वर्षांत लोक विसरले असते. एका मोठ्या माणसाचं अर्ध्या सेकंदाचं वैतागणं, त्यावर हा छोटा माणूस पुढची पंचावन्न वर्षं जगला, लोकांच्या तोंडी.

आणि त्याच सिरीजमध्ये दोन दिवस आधी त्याने केलेलं काम माझ्या मते जास्त मोलाचं, ते मात्र बातम्यांत पार खाली. चौथ्या मॅचला यँकीजचा पिचर बिल बेव्हन्स याने शेवटच्या इनिंगला दोन आउट होईपर्यंत एकही हिट दिली नव्हती. तेव्हा दुसऱ्याच्या बदली पळायला आलेल्या जिओनफ्रिडोने सेकंड बेस चोरला, म्हणजे फटका बसायची वाट न बघता पळून पुढचा बेस गाठला, मग ब्रुकलिनच्या कुकी लॅव्हजेटोचा फटका बसला, बेसवरचे दोघे घरी आले, म्हणजे दोन रन, आणि मॅच ३-२ ने ब्रुकलिनची. गंमत, खरंतर गंमत नाहीच, अशी की बेव्हन्स, लॅव्हजेटो आणि जिओनफ्रिडो हे तिघेही त्या सिरीजनंतर मेजर लीगमध्ये परत कधीही खेळले नाहीत. जिओनफ्रिडो खालच्या लीगमध्ये वर्षानुवर्षं खेळत राहिला, पुढे कॅलिफोर्नियात हॉटेल काढलं, एका शाळेत खेळणाऱ्या पोरांची दुखापत-मलमपट्टी बघायचं काम केलं. तिथल्या पोरांना काय माहीत आपल्या पायाला पट्टी कोण बांधतंय.

आमच्या शेजारी ब्रुकलिनमध्ये वाढलेले एक आजोबा होते. डॉजर्स १९५७ नंतर ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिसला गेले तेव्हापासून बेसबॉलचं नाव काढायचं नाही अशी त्यांची प्रतिज्ञा होती, जी ते रोज मोडायचे. ही बातमी आली त्या दिवशी तर विचारूच नका. कोपऱ्यावरच्या डायनरमध्ये त्यांचा एक यँकीजवाला दोस्त बसायचा, मीही कॉफीला म्हणून गेलो आणि अडकलो. गेलेल्या माणसाबद्दल हळहळ वगैरे दोन मिनिटांत आटपली, मग सुरू झालं भांडण, की तो बॉल कॅच झाला नसता तर होम रन गेला असता का. यँकीजवाल्याचं म्हणणं, तुमचा माणूस मुळात चुकीच्या जागी उभा होता, नीट उभा असता तर सोपा कॅच होता (स्वतः डिमॅजिओही खाजगीत असंच काहीसं म्हणायचा म्हणतात). आजोबा टेबलावर मिठाची डबी लेफ्ट फील्डला, केचपची बाटली कठडा, असं मांडून दाखवत होते, डबी उचलून पळवत होते, वेट्रेस बिल घेऊन येऊन दोनदा परत गेली.

शेवटी यँकीजवाला म्हणाला, "अरे कॅच घ्या नाहीतर काय वाट्टेल ते करा, सातवी मॅच आणि सिरीज आम्हीच जिंकली की नाही?"

आजोबांनी डबी खाली ठेवली. "जिंकलात. पण सातव्या मॅचमधलं काय आठवतं तुला? एक गोष्ट सांग. एक."

"जो पेज," समोरून लगेच उत्तर. "सहाव्या मॅचला हरणारा पिचर तोच, आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन पाच इनिंग टाकल्या, तुम्हाला एक रन दिली नाही." आणि मग त्याने केचपची बाटली आपल्याकडे ओढली, म्हणजे आता जो पेज सुरू होणार हे मला कळलं आणि मी अजून एक कॉफी सांगितली.