तुरटी न घातलेली उनी

जपानच्या उत्तरेकडच्या हाकोदाते शहरात का जायचं, तर डोंगरावरून दिसणाऱ्या रात्रीच्या दिव्यांसाठी, असं जो तो सांगतो. मी आणि माझी तोक्योत राहणारी मावसबहीण निघालो ते सकाळच्या खाण्यासाठी. तोक्योहून शिंकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, शिन-हाकोदाते-होकुतो स्टेशनापर्यंत साधारण चार तास. वाटेत ५३.८५ किलोमीटरचा सेइकान बोगदा समुद्राखालून होक्काइदो बेटावर नेतो. बोगद्यात बघायला अर्थातच काही नाही. पुढे छोट्या गाडीने वीसेक मिनिटांत हाकोदाते.

असाइची, म्हणजे सकाळचा बाजार, स्टेशनाला लागूनच आहे. १९४५ साली, युद्ध संपल्यावर, आसपासचे शेतकरी स्टेशनासमोर भाजी विकायला बसू लागले, त्यातून तो वाढला. भाजी आणि खरबुजं अजून मिळतात, पण मान खेकड्यांचा. लांब तंगड्यांचे ताराबा आणि अंगभर लव असलेले केगानी, या त्यांच्या दोन जाती. विक्रेते एखादी तंगडी कापून चवीला पुढे करतात. ती जरूर घ्यावी, फक्त तिथेच पोट भरू नये.

कारण पुढे काइसेनडोनची दुकानं आहेत: वाडगाभर भात आणि त्यावर कच्ची मासळी. काचेमागे प्लास्टिकचे हुबेहूब नमुने मांडलेले. सामन, कोळंबी, खेकडा, स्कॅलॉप, माकूल, गाबोळी, सगळं एकाच वाडग्यात रचलेलं. "हे म्हणजे लग्नातलं ताट. फोटोला छान," ताई, म्हणजे माझी मावसबहीण, म्हणाली. मला तिचं पटलं. इतक्या चवी एकत्र आल्या की चौथ्या घासाला जीभ थकते, आणि पैसे मात्र सगळ्यांचे मोजावे लागतात. दोन किंवा तीन जिन्नसांचा डोन घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

आम्ही गेलो ते 'उनी मुराकामी'त. उनी म्हणजे सी अर्चिन, समुद्रतळावर राहणारा काळा, काटेरी, गोळ्यासारखा प्राणी. फोडला की आत पिवळ्या-केशरी पाच फाका निघतात. खायच्या त्या तेवढ्याच. हे दुकान उनीवर प्रक्रिया करणाऱ्या कंपनीचंच आहे आणि तिथली उनी बिनतुरटीची. होय, आपली न्हाव्याकडची तुरटी! फाका फार नाजूक असतात, ठेवल्या की विरघळायला लागतात. आकार टिकावा म्हणून पुष्कळ ठिकाणी त्यांना तुरटीच्या पाण्यातून काढतात, आणि मग मागे एक कडसर, तुरट चव रेंगाळते. ज्यांनी मुंबई-पुण्याच्या महागड्या हॉटेलात उनी खाऊन नाक मुरडलं असेल, त्यांनी बहुधा तुरटीलाच नाक मुरडलं.

वाडगा आला. अर्ध्या भागात उनी, अर्ध्यात इकुरा, म्हणजे सामनची गाबोळी. बाजूला सोया सॉसची छोटी बशी, वासाबी नावाचा झणझणीत हिरवा लगदा, वाफाळतं मिसो सूप. माझा हात सवयीने कालवायला निघाला होता. ताईने नुसतं बघितलं. इथे कालवत नाहीत. बशीत वासाबी विरघळवायची, त्याचे चार थेंब वरून सोडायचे आणि खालच्या भातासकट चॉपस्टिकने घास उचलायचा.

उनीला चावायला काही नसतंच. आधी गोडी येते, मग समुद्र, मग लोण्यासारखा काहीतरी जाडसर रेंगाळणारा स्वाद. वास अजिबात नाही. उनी कोंबू नावाचं समुद्री शेवाळ खाऊन वाढते आणि हाकोदातेचा किनारा कोंबूसाठी नावाजलेला आहे, तेव्हा ही गोडी कुठून येते ते कळतं. पण खरी करामत भाताची. सुशीसारखा आंबट नाही, साधा पांढरा, जरा चिकट, कोमट. वर थंडगार उनी, खाली ऊब. हाच भात गार असता तर सगळं बेचव लागलं असतं. भातावर मासळी खाणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

गाबोळी आपण तव्यावर खरपूस करतो. इथे तिचं आवरण काढून दाणे सुटे करतात आणि सोया सॉसच्या मसाल्यात मुरवतात. दाणा टाळूवर फुटतो आणि खारट रस पसरतो. ताईला उनीपेक्षा हीच आवडली. मला तव्यावरची जास्त आवडते, आणि हे मी होक्काइदोत बसून तिला सांगितलंसुद्धा.

बिल काही हजार येन झालं. न्याहारीला एवढे पैसे मी एरवी कधीच मोजले नसते.

बाहेर एकिनी इचिबा या भागात हौदात जिवंत माकूल सोडलेली असतात. गळ घेऊन आपण पकडायची, मग तिथल्या तिथे कापून देतात. माकूल म्हणजे हाकोदातेची ओळख, पण गेल्या काही वर्षांत ती समुद्रात फार कमी मिळू लागली आहे. त्यामुळे दर रोज बदलतो आणि फळ्यावर लिहिलेला असतो. एका लहान मुलाने पकडली तेव्हा तिने त्याच्या बाबांच्या शर्टावर पिचकारी मारली. आमचं पोट भरलेलं होतं, नाहीतर आम्हीही रांगेत उभ्या राहिलो असतो. कच्चं न खाणारं कुणी सोबत असेल तर मुराकामीत उनीचं ग्रॅटिन मिळतं, भट्टीत भाजलेलं; शेजारच्या टेबलावर आलं तेव्हा वास इतका सुंदर आला की ताईने यादी परत मागवून त्याचं चित्र बघितलं.