आत्याच्या ओव्या लॅपटॉपवर कशा रेकॉर्ड केल्या

"तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये आत्या इतकी स्वच्छ कशी ऐकू येते?" हे नात्यातल्या चार-पाच जणांनी तरी विचारलंय, आता ओळखीचे पण विचारतात की कॉम्प्युटरवर वाजतंय तेवढंच रेकॉर्ड कसं करायचं. तुम्ही विचारलंत म्हणून सगळं सांगते.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा सांगलीत गावभागातल्या आमच्या घराचं खालचं कपाट अख्खं बुडालं. त्यात आजीच्या जात्यावरच्या ओव्यांच्या दोन कॅसेट होत्या. पाणी उतरल्यावर काढल्या तर रिळांत गाळ बसलेला, वाळवल्या, पुसल्या, पण वाजल्या नाहीत. आता त्या ओव्या फक्त आत्याला येतात आणि ती बडोद्याला, म्हणून दर रविवारी व्हिडिओ कॉल.

पहिल्या रविवारी मी मोबाईल लॅपटॉपच्या स्पीकरसमोर धरला. सगळे हेच करतात आणि इथंच घोळ होतो, कारण आवाज आधी खोलीत येतो मग मोबाईलच्या माइकमध्ये जातो, आणि वाटेत पंखा, कुकरची शिट्टी, खालची रिक्षा सगळं त्यात मिसळतं. तो स्पीकरपर्यंत जायच्या आधी आतल्या आतच धरायला पाहिजे.

विंडोजमध्ये यासाठी जुनी सोय म्हणजे स्टिरिओ मिक्स. साउंड सेटिंगमधल्या रेकॉर्डिंगच्या यादीत राइट क्लिक करून बंद असलेली डिव्हाइस दाखवायला सांगितलं की दिसतं, पण साउंड कार्डच्या ड्रायव्हरनं दिलं असेल तरच. माझ्याकडं नव्हतंच. मग ऑडॅसिटी नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर घेतलं, ते फुकट आहे. त्यात होस्ट म्हणून विंडोज वासापी (WASAPI, विंडोजची आवाज हाताळायची यंत्रणा) निवडायचं आणि रेकॉर्डिंग डिव्हाइसमध्ये आपल्या स्पीकरच्या नावापुढं लूपबॅक, म्हणजे स्पीकरला जाणारा आवाजच परत रेकॉर्डिंगला देणारं, असं लिहिलेलं असतं ते घ्यायचं, बस. काहीच वाजत नसेल तर रेकॉर्डिंग पण जागच्या जागी थांबतं, तेव्हा ते बिघडलंय समजू नका. आणि नोटिफिकेशन आधी बंद करा, त्यांची टिंग टिंग पण आत जाते. लिनक्सवर रेकॉर्डिंगच्या यादीत स्पीकरचा मॉनिटर (म्हणजे पडदा नव्हे, त्या स्पीकरच्या आवाजाचीच नोंद) निवडला की हेच होतं, मॅकवर मी ब्लॅकहोल नावाचं फुकटचं ड्रायव्हर टाकून केलेलं बघितलंय.

आत्याला आधी विचारलं होतं, रेकॉर्ड करू का. तुम्ही पण विचारा, घरचं माणूस असलं तरी.

एक गोष्ट मात्र उशिरा कळली. लूपबॅकमध्ये फक्त समोरून आलेला आवाज येतो, आपला नाही. ऐकायला बसले तर आत्या म्हणतेय, "नाही गं, आई तिथं थांबायची, मग जातं फिरवायची" आणि मी काय विचारलं होतं ते कुठंच नाही. त्या तासाभरात आत्या एकटीच बोलतेय, मधे मधे नुसत्या मोकळ्या जागा. खूप वाईट वाटलं, माझे प्रश्न गेले म्हणून तिचं निम्मं सांगणं अधांतरी राहिलं. तेव्हापासून ओबीएस नावाच्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये डेस्कटॉप ऑडिओ (कॉम्प्युटरवर वाजणारा आवाज) आणि माइक दोन्ही चालू ठेवते, कानात हेडफोन घालून, नाहीतर स्पीकरचा आवाज माइकमध्ये जाऊन घुमतो.

मूळ फाईल वेव्हमध्येच (WAV, आवाज न दाबता ठेवायचा प्रकार) ठेवते. 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट, स्टिरिओ धरलं तर मिनिटाला साधारण 10 एमबी, जड आहे पण चालतंय. पाठवायला एमपी3. एक कॉपी आत्याकडं, एक साताऱ्याला भावाकडं, आणि माझी आता वरच्या मजल्यावर.