मोराखालची जांभळी जमीन

भरतकामाच्या किटसाठी संगणकावर तयार झालेले नकाशे छपाईपूर्वी तपासून देणे हे माझे काम. क्रॉस स्टिचचा, म्हणजे फुलीच्या टाक्याचा, नकाशा म्हणजे चौकोनांचा कागद; प्रत्येक चौकोनात एक चिन्ह आणि प्रत्येक चिन्हामागे दोऱ्याचा एक क्रमांक. मागच्या वर्षी माझ्याकडे पैठणीच्या बांगडी मोराचा एक नकाशा आला. जांभळ्या जमिनीवर मधोमध मोर, त्याच्याभोवती मोहरी रंगाची बांगडी आणि तिच्यावर जरीची झाक, अशी ती नक्षी होती. रुंदी 140 आणि उंची 210 चौकोन. म्हणजे इंचाला 14 चौकोन असलेल्या मॅटीवर, म्हणजे चौकोनी विणीच्या भरतकामाच्या कापडावर, बरोबर 10 बाय 15 इंचांचे चित्र. जमीन संपूर्ण भरायची असल्यामुळे एकही चौकोन रिकामा राहणार नव्हता.

किट विकणाऱ्या दुकानदारांचा फोन आला तो दोऱ्याच्या हिशेबावरून. "ताई, जांभळ्याच्या लडी जरा जास्त वाटतात हो. दोनशे किटं करायची आहेत, एकदा बघून घ्या," एवढेच ते म्हणाले. त्यांची शंका अनुभवातून आलेली होती आणि ती रास्तच निघाली. मी सॉफ्टवेअरमधला गोषवारा उघडला तेव्हा पूर्ण टाक्यांची संख्या 32,316 दाखवली जात होती. चौकोन मात्र 140 गुणिले 210, म्हणजे 29,400 इतकेच. एका चौकोनात एकच पूर्ण फुली मावते हे लक्षात घेतले, तर किमान 2,916 फुल्या दुसऱ्या फुल्यांच्या अंगावर बसलेल्या असणार, हे नकाशा न पाहताच कळत होते.

पडद्यावर यातले काहीही दिसत नव्हते, कारण सॉफ्टवेअर सर्वांत वरचा टाका दाखवते आणि खालचे झाकून टाकते. म्हणून मी जांभळा सोडून बाकीचे सगळे रंग लपवले. नकाशा नीट असता, तर जांभळ्या जमिनीत मोराच्या आकाराची मोकळी जागा दिसली असती. प्रत्यक्षात तिथे जांभळा रंग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग पसरलेला होता. नक्षीकार बाईंनी मोर वेगळ्या फाइलमध्ये काढून नंतर जमिनीवर चिकटवला होता आणि चिकटवताना "खालचे टाके राहू द्या" हा पर्याय निवडलेला राहिला होता. अशा फाइलवरून छापलेल्या कागदावर दोन चिन्हे एकमेकांवर उमटतात, आणि मोराच्या मानेपाशी तर नुसता काळा डाग पडलेला असतो. भरणाऱ्या बाईने तिथे कोणता दोरा ओवायचा?

अशा वेळी सॉफ्टवेअरमध्ये एक आयती आज्ञा असते: प्रत्येक चौकोनातला सर्वांत वरचा टाका ठेवून खालचे सगळे काढून टाकायचे. मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवून मी ती चालवून पाहिली. मोराच्या अंगाखालचा जांभळा रंग क्षणात गेला. पण बांगडीही उघडी पडली. बांगडीच्या प्रत्येक चौकोनात मोहरी रंगाची पूर्ण फुली आणि तिच्यावर जरीचा एकपदरी अर्धा टाका अशी योजना होती. यंत्राच्या दृष्टीने जरीचा टाका वर आणि मोहरी खाली, म्हणून मोहरी गेली आणि उरल्या त्या कोऱ्या मॅटीवरच्या विरळ तिरक्या रेघा. चोचीचे आणि तुऱ्याचेही तेच झाले. तिथे बाक गोलसर दिसावा म्हणून पाऊण टाके, म्हणजे चौकोनाचे तीनच कोपरे व्यापणारे टाके, वापरलेले होते, आणि पाऊण टाक्याच्या उरलेल्या कोपऱ्यात दुसऱ्या रंगाचा पाव टाका घालणे ही भरतकामातली नेहमीची रीत आहे. एका चौकोनात दोन रंग दिसले म्हणजे चूकच, असे धरून चालणारी कोणतीही आज्ञा असल्या नक्षीची वाट लावते, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ती आज्ञा मेनूत इतकी समोर ठेवलेली असावी याचे मला नेहमीच नवल वाटते.

मी ते सगळे मागे फिरवले आणि आडवाटेने गेले. जांभळ्या रंगाला कुलूप घातले, म्हणजे तो उचलला जाणार नाही. मग बांगडीसकट सगळा मोर कापून घेतला आणि जागचा किंचितही न हलवता पुन्हा तिथेच चिकटवला. या वेळी मात्र "खालचे पुसून बसवा" हा पर्याय निवडून. ज्या चौकोनात मोराचा काही ना काही टाका होता, तिथला जांभळा पुसला गेला, आणि मोहरीवरची जर तशीच राहिली.

यात एक नुकसान होणार हे ठाऊकच होते. कडेच्या पाऊण टाक्यांखालची पूर्ण जांभळी फुलीही गेली, आणि तिथे हवा असलेला जांभळा कोपरा रिकामा राहिला. असे 342 चौकोन होते. ते हातानेच भरावे लागले: नकाशा मोठा करायचा, पाऊण टाक्याने कोणते तीन कोपरे व्यापले आहेत ते पाहायचे आणि चौथ्यात जांभळा पाव टाका ठेवायचा. पंजाच्या नखांपाशी या कामाने डोळ्यांचा अंत पाहिला, कारण तिथे शेजारशेजारच्या दोन चौकोनांतले मोकळे कोपरे समोरासमोर येत होते आणि एक जरी उलटा पडला, तरी नख तुटल्यासारखे दिसत होते.

त्यानंतर उलट्या टीपेच्या, म्हणजे फुल्यांवरून आकाराची कड दाखवणाऱ्या, रेषा पाहिल्या. मानेवरची एक गडद तपकिरी रेषा निवडून पुसली, तर रेषा जागेवरच राहिली, फक्त काळी झाली! मोराबरोबर आलेल्या काळ्या बाह्यरेषेवरून बाईंनी पुन्हा तपकिरी रेषा काढलेली होती. कोणती ठेवायची हे मी माझ्या मनाने ठरवले नाही. त्यांना विचारले, तेव्हा तपकिरीच हवी असल्याचे त्यांनी सांगितले आणि मी सगळी काळी बाह्यरेषा काढून टाकली.

शेवटी पुन्हा गोषवारा काढला. पूर्ण टाके 29,058 आणि वाटून घेतलेले चौकोन 342, बेरीज 29,400. जांभळ्याच्या 3,258 फुल्या कमी झाल्या होत्या. इंचाला 14 चौकोनांच्या मॅटीवर पुढच्या दोन तिरक्या आणि मागच्या दोन उभ्या धाग्यांना मिळून एका फुलीला साधारण 9 मिलिमीटर दोरा लागतो. 8 मीटरची सहापदरी लडी दोन-दोन पदरांनी वापरली, तर 24 मीटर दोरा मिळतो. सुरुवात, शेवट आणि वाया जाणारी टोके सोडली, तर एका लडीत मी सतराशे फुल्या धरते. म्हणजे प्रत्येक किटमागे जवळजवळ दोन लडी वाचल्या आणि दोनशे किटांमागे चारशेच्या आसपास.

डोळ्याच्या जागी पांढऱ्या फुलीवर काळी गाठ होती, ती तशीच ठेवली, कारण ती वरच असायला हवी. नक्षीकार बाईंना दुरुस्त फाइल पाठवताना चिकटवण्याचा तो पर्याय कुठे बदलायचा ते लिहिले, आणि सूचनापत्रात एक ओळ घालायला सांगितली: बांगडीची मोहरी फुली आधी सगळी भरून घ्यावी आणि जरीचा अर्धा टाका सर्वांत शेवटी, आखूड दोरा घेऊन घालावा, कारण जरीचा दोरा मॅटीतून फार वेळा ओढला की त्याचे पदर सुटतात.