कॅमेरा उघडून दाखवा, एवढंच मागत होतो

मला पेंटॅक्स के-१००० हा रोलवर चालणारा जुना कॅमेरा हवा होता. १९७६ ते १९९७ एवढी वर्षं बनत राहिलेला, पूर्ण यांत्रिक. सेल लागतो तो फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला, शटर (फोटो घेताना उघडमीट होणारा पडदा) त्याच्याशिवाय चालतं. म्हणजे दुकानात उभ्या उभ्या तपासता येतो. कोल्हापुरात भंगारवाल्यांकडं विचारत फिरलो आणि जुन्या वस्तूंच्या एका दुकानात, काचेच्या कपाटात, समई आणि ग्रामोफोनच्या मधे तो दिसला.

तिथं सगळं अडलं. मालक कॅमेरा हातातच देईना. "अँटिक पीस हाय, लांबनंच बघा." मागचं झाकण उघडून दाखवा म्हटलं, तर "उघडला की किंमत जाती." नंतर गेलो तर चावी भावाकडं, आणि भाऊ सांगलीला. भाऊ परत आला तर चावी सापडेना. किंमत मात्र दर खेपेला चढलेली. सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांनी ज्या गावात देशी कॅमेरा घडवला, तिथं कॅमेऱ्याला हात लावायला एवढ्या मिनतवाऱ्या! अजून आठवलं की डोकं तापतं.

न उघडलेल्या कॅमेऱ्याला रुपयाही देऊ नका. रोल मागवायचा, काढायचा, धुवायला पाठवायचा, एवढा खर्च करून मग शटर अडकतंय हे कळणार असेल तर काय उपयोग? आणि आपल्याकडचा पावसाळा म्हणजे लेन्सला बुरशी ठरलेलीच.

शेवटी एका संध्याकाळी मालकाचे वडील गल्ल्यावर होते. म्हटलं, "काका, मला फोटो काढायचेत, शोकेसला नको." ते मुलाला म्हणाले, "मग बघू दे की रं त्याला." चावी गल्ल्यातच होती.

रोल परत गुंडाळायचा रिवाइंडचा नॉब वर ओढला की झाकण उघडतं. त्याआधी त्याची कडी बाणाच्या दिशेनं हलकेच फिरवून बघा. ताण लागला तर आत रोल आहे. झाकणाच्या खाचेतला फोम विरघळून डांबरासारखा चिकट झाला होता. त्याला घाबरू नका, तो बदलता येतो. मग रोल पुढं सरकवायचा खटका ओढून शटरचा स्पीड १ सेकंदावर ठेवला आणि बटण दाबलं. जुनं ग्रीस घट्ट झालं की आधी हेच संथ स्पीड अडकतात. याचं शटर नीट उघडलं, नीट मिटलं! पुन्हा खटका ओढून स्पीड बी-वर घेतला (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहतं), अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं भोक पूर्ण उघडं ठेवून बटण दाबून धरलं आणि मागून मोबाईलचा टॉर्च मारला. लेन्सच्या काठाला बुरशीची बारीक जाळी दिसली. तीच काकांना दाखवली आणि भाव खाली आणला.

ही घासाघीस नको असेल तर आधी बंद पडलेल्या फोटो स्टुडिओवाल्यांच्या घरी विचारा. ज्यांनी कॅमेऱ्यावर पोट भरलं ते स्वतःच झाकण उघडून दाखवतात.

आणि हो, के-१००० ला मीटर बंद करायचं बटण नाही. काम झालं की लेन्सला टोपी लावा, नाहीतर सेल उतरतो.