तारघराचं हॉटेल करायचं तर आधी ओलीचा विचार

एके काळी परगावच्या हॉटेलात खोली राखून ठेवायला एवढी तार पुरायची: ‘अल्दुआ बात पोबाब पास’. अल्दुआ म्हणजे डबल बेडची एक खोली, बात म्हणजे स्वतंत्र बाथरूम, पोबाब म्हणजे रविवारी सकाळी पोचतो आणि पास म्हणजे मुक्काम एका रात्रीचा. तारेचे पैसे शब्दांवर ठरत, म्हणून हॉटेलांसाठी असे आंतरराष्ट्रीय संकेतशब्द ठरवलेले होते आणि प्रवासाच्या मार्गदर्शक पुस्तकांत ते छापलेले असत. लहान मुलाचा पलंग हवा असेल तर ‘किंड’, बेत रद्द झाला तर ‘अनुल’. तारघर आणि हॉटेल यांचं नातं इतकं जुनं आहे, त्यामुळे तारघराचंच हॉटेल होतं तेव्हा विशेष आनंद होतो.

सिंगापूरच्या रॉबिन्सन रोडवर अशी एक इमारत आहे. १९२७ ची, स्वॉन अँड मॅक्लारेन यांनी आखलेली, ईस्टर्न एक्स्टेन्शन या तार कंपनीची. जॉन पेंडर यांनी १८७३ मध्ये तीन कंपन्या एकत्र करून ही कंपनी उभी केली. त्याआधी दोन वर्षं, १८७१ मध्ये, मद्रासहून पिनांगमार्गे समुद्रातली तार सिंगापूरला पोचली होती. अशा तारांवर आवरण असायचं गटापर्चाचं, म्हणजे मलायाच्या जंगलातल्या झाडांच्या चिकाचं. तो चीक लंडनला जायचा आणि तारेवर चढून पुन्हा पूर्वेच्या समुद्रात उतरायचा!

सिंगापूरमध्ये वारसा इमारतींना तीन तत्त्वं लागू आहेत: शक्य तेवढं मूळचं राखा, हरवलेलं जपून पूर्ववत करा, दुरुस्ती काळजीने करा. कागदावर हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा, की दर्शनी भिंतीला बाहेरून उष्णतारोधक थर देता येत नाही. जे काही करायचं ते आतून. आणि दमट हवेत नेमकी इथेच गफलत होते.

बाहेर ३१ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो आकडा, २७ अंशांच्या आसपास येतो. खोली एसीने २२ ला आणलेली. बाहेरची बाष्प धरलेली हवा भिंतीतून, खिडकीच्या चौकटीच्या फटींतून आत शिरते आणि जिथे पहिला थंड पृष्ठभाग भेटतो तिथे तिचं पाणी होतं. भिंतीवर व्हिनाइलचा वॉलपेपर असेल तर हे पाणी त्याच्या मागेच अडकतं. वरून कागद छान दिसतो, कपाटामागचा कोपरा सोलला की आत गुलाबी-काळे डाग आणि चिकट झालेली खळ. हॉटेलच्या खोलीला येणारा कुबट वास बऱ्याचदा गालिच्याचा नसतो, या बुरशीचा असतो. अत्तराचे फवारे मारून तो जात नाही. बाहेरच्या भिंतींना आतून बाष्प जाऊ देणारा रंग, चुन्याचा किंवा सिलिकेटचा, एवढंच द्यावं. वॉलपेपरची हौस आतल्या पार्टिशनवर भागवावी.

दुसरं कारण हवेच्या हिशोबात असतं. बाथरूमचा पंखा सेकंदाला २५ लिटर हवा बाहेर टाकत असेल आणि खोलीत तेवढी ताजी हवा येत नसेल, तर उरलेली हवा भिंतींच्या फटींतून ओढली जाते, ओलीसकट. म्हणून आत सोडायची, आधीच कोरडी केलेली हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्तच ठेवावी, इथे ३० लिटर. छत उंच आहे म्हणून अंदाजाने मोठा एसी बसवणं हीसुद्धा चूकच. तो खोली झटकन थंड करतो आणि बंद पडतो, हवेतलं पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. की-कार्ड काढल्यावर सगळं बंद होणार असेल तर दुपारभर रिकाम्या खोलीत ओल साठते. कार्ड काढलं तरी कोरडी हवा चालूच राहील अशी वायरिंग करून घ्या.

तारघरांचं खास दुखणं म्हणजे बॅटरीची खोली. डॅनिएल सेल या जुन्या बॅटरीत मोरचूद आणि जस्त, पुढे शिशाच्या बॅटऱ्यांत गंधकाम्ल. सांडलेले थेंब आणि वाफा वर्षानुवर्षं गिलाव्यात मुरतात, सल्फेटचे क्षार तयार होतात. ओल बदलली की ते फुगतात आणि आतून गिलावा फोडतात. वरून कितीही वेळा रंग द्या, लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, पुन्हा येतोच. इथे पोटीस लावावं लागतं: कागदाचा लगदा ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून १५-२० मिलिमीटर जाड थापायचा, पूर्ण सुकेपर्यंत थांबायचं (दोन-तीन आठवडे सहज जातात), मग काढून टाकायचा. सुकताना क्षार त्यात ओढले जातात. काढलेल्या लगद्याचा तुकडा पाण्यात भिजवून सल्फेटच्या पट्टीने तपासा आणि आकडा खाली येईपर्यंत पुन्हा थापा. नळाचं पाणी वापरू नका, त्यात स्वतःचे क्षार असतात. गिलावा फारच पोकळ वाजत असेल तर तो काढून नवा करणंच बरं.

बाथरूमचा प्रश्न उताराचा. जुना स्लॅब खाली करता येत नाही, त्यामुळे १०० मिलिमीटरच्या पाइपला ४० ला १ उतार (४० मिलिमीटर लांबीला १ मिलिमीटर) द्यायचा तर बाथरूमची जमीन १५० मिलिमीटर तरी उचलावी लागते. ती पायरी रात्री अनोळखी खोलीत उठलेल्या पाहुण्याला दिसत नाही. तिच्या कडेखाली मंद दिवा हवा, आणि काही खोल्या शाफ्टला (उभे पाइप जातात त्या पोकळीला) लागून अशा निवडाव्यात की तिथे पायरी लागणारच नाही. व्हीलचेअरवरच्या पाहुण्यांसाठी त्याच ठेवाव्यात.

यंत्रांच्या मोठ्या दालनात खोल्या पाडताना पार्टिशन थेट स्लॅबपर्यंत न्यावं, खोट्या छताशी थांबवू नये. कॉर्निस, म्हणजे भिंत आणि छत मिळतात तिथली नक्षीदार पट्टी, मात्र कापू नये. पुठ्ठ्यावर तिचा आकार उतरवून पार्टिशनचा बोर्डच त्या नक्षीबरहुकूम कापायचा, म्हणजे उद्या पार्टिशन काढलं तरी कॉर्निस अखंड राहते. बोर्ड आणि कॉर्निस यांच्यामध्ये ५-६ मिलिमीटरची फट उरते, ती ध्वनिरोधक सीलंटने पूर्ण भरा. शेजारच्या खोलीतलं फोनवरचं बोलणं जिथून ऐकू येतं ती जागा बहुधा हीच निघते.