बेंचच्या खाचा

‘बाक’ म्हटले की शाळा आठवते आणि शाळेतला बाक म्हटला की त्यावर उभे राहण्याची शिक्षा आठवते. कदाचित त्यामुळेच व्यायामाच्या बाकाला कोणी बाक म्हणत नाही. तो सगळ्यांचा बेंचच असतो. घरातल्या एका कोपऱ्यात व्यायामाची सोय करायचे ठरले, तेव्हा डंबेल्स अर्ध्या तासात ठरली, कारण दहा किलो म्हणजे दहा किलो, त्यात पारखण्यासारखे फारसे काही नसते. पाठीची गादी वरखाली करता येईल असा बेंच निवडण्यात मात्र माझे तीन आठवडे गेले आणि इतके करूनही पहिल्या खेपेला मी फसलोच.

मी खाचा मोजत बसलो होतो. दहा कोनांत लागणारा बेंच हा सात कोनांत लागणाऱ्यापेक्षा सरस, असा माझा सरळ हिशेब होता. प्रत्यक्षात सपाट, 30 अंशांच्या आसपास आणि खांद्यांच्या व्यायामासाठी जवळजवळ ताठ, एवढ्या तीन अवस्थांत माझा सगळा व्यायाम उरकतो. गादी थोडी उचलली की छातीच्या वरच्या भागावर जास्त भार येतो, हे खरे. पण 45 अंशांच्या पुढे जाऊ लागलो की खांद्यांचे पुढचे स्नायू बरेचसे काम आपल्याकडे ओढून घेतात आणि छातीकडे बघ्याची भूमिका येते. मधल्या अंशाअंशांची चैन माझ्या काहीच उपयोगाची नव्हती.

शिवाय प्रत्येक हलता भाग म्हणजे एक सांधा, आणि सांधा म्हटला की कुरकूर आलीच. माझ्या पहिल्या बेंचची, गादी हव्या त्या कोनात अडकवून ठेवणारी पिन तिच्या छिद्रात किंचित सैल बसत असे. पिनेपाशी एखाद्या मिलिमीटरची ढिलाई असली, तरी गादीच्या टोकाला, म्हणजे नेमकी डोक्याखाली, ती कितीतरी वाढलेली जाणवते. दोन्ही हातांतली डंबेल्स चेहऱ्यावर तोललेली असताना बेंच एवढासा जरी डुलला, तरी शरीर वजन उचलायचे सोडून स्वतःला सावरायला लागते. पिनेऐवजी शिडीसारख्या खाचांत आडवा दांडा अडकवण्याची रचना मला म्हणूनच पटली. वरून भार आला की दांडा खाचेत अधिकच घट्ट बसतो.

दुसऱ्या खेपेला मी मोजपट्टी घेऊन गेलो. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या नियमांनुसार स्पर्धेतल्या बेंचची उंची 42 ते 45 सेंटिमीटर आणि गादीची रुंदी 29 ते 32 सेंटिमीटर असावी लागते. घरात स्पर्धा भरवायची नसली, तरी हे आकडे हाताशी असलेले बरे, कारण कोन बदलणारे बेंच पुष्कळदा याहून उंच निघतात आणि मध्यम उंचीच्या माणसाच्या टाचा जमिनीवर धड टेकत नाहीत. टाचा टेकल्या नाहीत की पायांचा रेटा गेला. लोखंडी चौकोनी नळीच्या जाडीचे गणित तर उलटेच आहे: गेजचा आकडा जितका लहान, तितका पत्रा जाड, म्हणजे 11 गेजचा सुमारे तीन मिलिमीटर आणि 14 गेजचा सुमारे दोन. बेंच किती वजन पेलेल याच्या छापील आकड्यात बहुधा आडव्या पडणाऱ्या माणसाचे वजनही धरलेले असते, हेही मला पहिला बेंच घरी आल्यावरच कळले होते.

सगळ्यात जास्त वेळ घेतला तो सीट आणि पाठीची गादी यांच्यामधल्या फटीने. अखंड सपाट बेंचला ती नसते. इथे मात्र दोन तुकडे वेगवेगळे उचलले जायला हवेत, त्यामुळे मध्ये जागा राहणारच. ही फट चार बोटांची असली, तर झोपल्यावर ती बरोबर माकडहाडाच्या वर येते आणि वजन वरखाली करण्याच्या प्रत्येक आवृत्तीला आपले अस्तित्व जाणवून देते. काही बेंचमध्ये सीट पुढेमागे सरकवून ती जवळजवळ मिटवता येते. दुकानातल्या माणसाच्या चेहऱ्यावरचे भाव न पाहता मी एकेका बेंचवर आडवा होऊन, डोळे मिटून पडलो होतो. हा प्रकार बाहेरून फार शोभिवंत दिसत नाही, पण फट डोळ्यांना दिसते त्यापेक्षा पाठीला अधिक नेमकी कळते.

शेवटी घेतलेला बेंच सात खाचांचा आहे. तो जड आहे, एका टोकाला चाके असल्यामुळे ढकलता येतो आणि डुलत नाही. वर्षभरात त्याच्या तीन खाचांचा रंग उडून लोखंड उघडे पडले आहे. उरलेल्या चार आणल्या दिवसासारख्या काळ्याभोर आहेत. पाठीची गादी उचलल्यावर सीटही थोडी उचलायची असते, नाहीतर घामेजलेल्या रेक्झिनवरून माणूस हळूहळू खाली घसरतो, हे ठाऊक असूनही मी अधूनमधून विसरतोच. मग तिसऱ्या-चौथ्या आवृत्तीला डंबेल्स जमिनीवर ठेवून उठतो, सीट एक खाच वर घेतो आणि पुन्हा एकपासून मोजायला लागतो.